न रडणारा शंभू

चित्रपट सुटला, माणसे बाहेर पडली, की नटाची पारख बहुधा एकाच मापाने होते. "काय रडलाय गडी!" नाहीतर "काय डायलॉग मारलाय!" ज्याने जास्त आसवे गाळली, ज्याचा आवाज कनातीबाहेर रस्त्यापर्यंत गेला, तो मोठा नट. यात पाहणाऱ्याचे फारसे चुकत नाही. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तमाशाच्या बोर्डाची आणि जत्रेतल्या नाटकाची. तिथे अगदी मागे घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंतही राजाचे दुःख पोहोचले पाहिजे. म्हणून राजाने छाती पिटायची, राणीने टाहो फोडायचा. तिथे ते शोभते आणि तिथे ते लागतेही.

पडद्याचे काम निराळे. तिथे कॅमेरा नटाच्या तोंडापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. मग पडद्यावर ते तोंड घराच्या भिंतीएवढे दिसते. पापणी लवली तरी ती मागच्या माणसालाही दिसते. गळ्याशी आवंढा आला तरी कळते. अशा ठिकाणी नटाने छाती पिटली, तर ती गोष्ट कानाशी येऊन ओरडण्यासारखी होते. ऐकू फार येते, पण मनात काही उतरत नाही.

म्हणून गंभीर विषयाचा चित्रपट पेलायचा, तर मुख्य नटाला हात आखडता घ्यावा लागतो. हे सांगायला सोपे आणि करायला महाकठीण. त्याचा आपल्या देशातला एक फार मोठा दाखला म्हणजे १९५३ सालचा 'दो बिघा जमीन' आणि त्यात बलराज साहनी यांनी केलेला शंभू महातो. विषय शेतकऱ्याचा आहे, जमिनीचा आहे, कर्जाचा आहे. आपल्या घरात रोज बोलला जाणारा, आणि पुष्कळ घरांत मुद्दाम न बोलला जाणारा.

पासष्टाचे दोनशे पस्तीस

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. शंभू महातो हा दोन बिघे जमिनीचा धनी. बिघ्याचे माप प्रांताप्रांतात वेगळे असते. बंगालचे माप धरले, तर एक बिघा म्हणजे आपले १३ गुंठे, आणि दोन बिघे म्हणजे सव्वीस-सत्तावीस गुंठे. एकरभरही नाही. घरात म्हातारा बाप गंगू, बायको पार्वती, मुलगा कन्हैया, आणि पार्वतीला पुन्हा दिवस गेलेले. काही वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस पडतो, सारे गाव आनंदात नाचते, आणि तिथूनच कथा सुरू होते.

गावच्या जमीनदाराला शहरातल्या धनिकांबरोबर गिरणी उभी करायची आहे. त्याच्या मोठ्या रानाच्या मध्यावर नेमका शंभूचा तुकडा येतो. शंभू विकायला नकार देतो. जमीनदार म्हणतो, मग माझे कर्ज उद्याच्या उद्या फेड. शंभू घरी येऊन हिशेब करतो, तो ६५ रुपये होतो. घरातली भांडीकुंडी आणि पार्वतीच्या कानातले विकून तो पैसे घेऊन जातो, तर तिथल्या वहीत आकडा निघतो २३५. बापाने कर्जापोटी वर्षानुवर्षे राबून दिलेली मजुरी वहीत कुठेच नाही. प्रकरण कोर्टात जाते. कोर्ट कागद पाहते. तीन महिन्यांत पैसे भरा, नाहीतर जमिनीचा लिलाव, असा निकाल होतो.

शंभू कलकत्त्याला निघतो. कन्हैया लपून त्याच आगगाडीत बसतो. शहरात पहिल्याच रात्री उघड्यावर झोपले असताना गाठोडे चोरीला जाते. पुढे शंभू हमाली करतो, मग हाताने ओढायची रिक्षा धरतो. मुलगा बूटपॉलिशची पेटी घेतो. पै-पै साठवली जाते. मुदत जवळ येते तसा शंभू जास्त जोरात धावू लागतो, आणि एके दिवशी रिक्षाचे चाक निखळून तो पडतो. इकडे नवऱ्याच्या काळजीने पार्वती शहरात येते, एका लबाड माणसाच्या हाती सापडते, त्याच्यापासून पळताना मोटारीखाली येते. जमलेली माणसे रिक्षा बोलावतात. जी रिक्षा येते ती शंभूची असते. साठवलेला पैसा तिच्या औषधपाण्यात जातो. मुदत संपते. गावाकडे जमिनीचा लिलाव झालेला असतो आणि म्हाताऱ्या बापाच्या मनाचा तोल गेलेला असतो.

आता वाचकांनी विचार करावा. या कथेत रडायला जागा किती आहेत! वहीतला आकडा ऐकून रडता येते. कोर्टात रडता येते. गाव सोडताना रडता येते. बायकोला रक्ताने माखलेली पाहून तर आकाशपाताळ एक करता येते. एखाद्या नटाने यातली एकही जागा सोडली नसती. बलराज साहनींनी जवळजवळ साऱ्याच सोडल्या. म्हणूनच सत्तर वर्षे उलटली तरी चित्रपट उभा आहे.

ओझे ओढणारा बैल

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. भरली गाडी चढाला लागली की उड्या मारणारा बैल कामाचा नसतो. तो धुरळा फार उडवतो, पण गाडी जागची हलत नाही. गाडी चढ चढते ती मान खाली घालून, खूर रोवून, न थांबता चालणाऱ्या बैलावर. मुख्य नटाचेही तसेच आहे. चित्रपटाचे ओझे त्याच्या मानेवर असते. तो उधळला की बाकीचे सारे सांडते.

'दो बिघा जमीन'मध्ये शंभूभोवती भावना बोलून दाखवणारी माणसे पुष्कळ आहेत. पार्वती रडते, रुसते, हसते. ती भूमिका निरूपा रॉय यांची आहे. त्याआधी त्या पौराणिक चित्रपटांत देवीच्या भूमिकांसाठी ओळखल्या जात. या चित्रपटात त्यांनी डोक्यावरचा मुकुट उतरवून साधी शेतकरीण केली. कन्हैया झालेला रतनकुमार हा त्या काळचा गाजलेला बालनट. तो हट्ट करतो, चिडतो, बापाच्या आजारपणाने घाबरून चोरीकडे वळतो. म्हातारा गंगू झाले आहेत आपले मराठी नट नाना पळशीकर. त्यांचा म्हातारा पोराबाळांत हसतो-बोलतो, आणि शेवटी त्याची झालेली दशा पाहवत नाही. बूटपॉलिशवाल्या पोरांचा म्होरक्या जगदीप हसवून जातो. सलील चौधरी यांचे संगीत आनंदाच्या जागी आनंद आणि दुःखाच्या जागी दुःख भरते.

या साऱ्यांच्या मध्ये शंभू मात्र फारसे बोलत नाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. पहिली अशी, की आजूबाजूच्या माणसांना बोलायला जागा मिळते. घरात कर्ता माणूस सतत आरडाओरडा करत असेल, तर बायकापोरांचे म्हणणे ऐकूच येत नाही, तसेच हे. दुसरी त्याहून मोठी आहे. जे दुःख शंभू बोलत नाही, ते पाहणारा स्वतःच्या मनाने भरून काढतो. ज्याने स्वतः कर्जाचा कागद पाहिला आहे, तो शंभूच्या गप्प चेहऱ्यावर आपला कागद वाचतो. ज्या बाईने कानातले मोडले आहे, ती आपले आठवते. शंभूनेच ढसाढसा रडून घेतले असते, तर आपल्याला करायला काही उरले नसते. आपण त्याची कीव केली असती आणि बाहेर येऊन चहा प्यायलो असतो.

संयम म्हणजे दगड होऊन उभे राहणे असे मात्र कुणी समजू नये. भिजलेल्या मातीवर वरून पाणी दिसत नाही, पण मूठभर माती दाबली की हाताला ओल लागते. शंभूचे तसे आहे. त्याचे सारे त्याच्या शरीरातून कळते. गावात असताना त्याची चाल शेतकऱ्याची आहे. पाय सैल पडतात, मान वर असते. शहरात आल्यावर हाच माणूस कडेकडेने चालतो, कोणी अंगावर येईल म्हणून खांदे आवळून घेतो. मोठ्या माणसासमोर बोलताना हात आपोआप जोडले जातात. रिक्षाच्या दांड्या धरल्यावर पुन्हा निराळी चाल येते. शब्द न बोलता त्याचे दिवस कसे चालले आहेत, हे आपल्याला पायांवरून कळते. आपण बाजारातून येणाऱ्या माणसाची चाल दुरून पाहून मालाला भाव काय मिळाला ते ओळखतो, तसेच.

आणि संयमी माणूस एखाद्या वेळी चिडला, तर त्या चिडण्याला वजन येते. कन्हैयाने चोरी केल्याचे कळते तेव्हा शंभूचा संताप उफाळतो. इतका वेळ ज्याने जमीनदाराचे, कोर्टाचे, शहराचे सारे गिळले, तो लेकराच्या चोरीने पेटतो. जमीन गेली तर गेली, पण घरातले इमान जाऊ द्यायचे नाही, हे त्या संतापातून कळते. पहिल्या रिळापासून तो ओरडत असता, तर हा प्रसंग बाकीच्या आरड्याओरड्यात वाहून गेला असता.

रिक्षाची शर्यत

एक प्रसंग सांगतोच. शंभूच्या रिक्षात एक तरुण बसलेला आहे. त्याची मैत्रीण पुढे दुसऱ्या रिक्षात आहे. तिला गाठायचे म्हणून तो शंभूला जोरात पळायला सांगतो, आणि पळावे म्हणून पैसे वाढवत नेतो. त्यांच्या लेखी तो खेळ आहे. शंभूला दिसते आहे ते २३५ रुपयांतले आणखी काही रुपये. तो धावतो. तोंड उघडे, छाती भात्यासारखी चाललेली, पाय अनवाणी. तो 'पुरे' म्हणत नाही. बसलेल्याकडे रागाने पाहतही नाही. घोड्याला चाबूक बसावा तसा प्रत्येक वाढीव रुपया त्याच्या पायांना बसतो. आणि मग चाक निखळते.

या प्रसंगात शंभूच्या तोंडी गरिबी-श्रीमंतीवर एखादे भाषण घालता आले असते. लेखकाला ते अवघड नव्हते, टाळ्याही पडल्या असत्या. दिग्दर्शक बिमल रॉय यांनी ते घातले नाही. नुसता धावणारा माणूस दाखवला. ज्याला समजायचे त्याला समजले.

बिमल रॉय स्वतः ढाक्याकडच्या जमीनदार घराण्यात जन्मलेले. पुढे घरची इस्टेट हातची गेली आणि त्यांनी कलकत्ता गाठले. जमीन सुटणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. १९५२ साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात त्यांनी इटलीच्या डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. चोरीला गेलेल्या सायकलच्या मागे हिंडणाऱ्या गरीब बाप-लेकाची ती साधी गोष्ट. कथा साधी असेल तर नटानेही साधेच राहावे, हा धडा त्यांनी तिथून उचलला असला पाहिजे. 'दो बिघा जमीन'ची कथा सलील चौधरी यांची, पटकथा हृषीकेश मुखर्जी यांची, आणि नाव रवींद्रनाथ ठाकुरांच्या एका प्रसिद्ध कवितेवरून घेतलेले.

साहेबी माणूस शेतकरी कसा झाला

शंभूचे काम करणारा माणूस मुळात कसा होता हे कळले, तर या संयमाची किंमत कळेल. बलराज साहनी यांचा जन्म १ मे १९१३ चा, रावळपिंडीचा. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकलेले, काही काळ शांतिनिकेतनात शिक्षक, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या हिंदुस्थानी कार्यक्रमांत निवेदक. दिसायला उंच, गोरे, कपडे साहेबी. बिमल रॉय यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा हा माणूस आपल्या कामाचा नाही असेच त्यांना वाटले. तेव्हा साहनींनी आपण 'धरती के लाल'मध्ये शेतकऱ्याचे काम केल्याचे सांगितले. १९४६ चा तो चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'इप्टा'च्या कलावंतांना घेऊन बंगालच्या दुष्काळावर काढला होता. ते ऐकून रॉय तयार झाले.

काम मिळाल्यावर साहनी मुंबईत जोगेश्वरीच्या म्हशींच्या गोठ्यांकडे जाऊ लागले. तिथे उत्तरेकडून आलेले गवळी राहत. ते कसे उठतात, कसे बसतात, कसे जेवतात, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, हे ते बारकाईने पाहत. प्रत्येकाची गमछा बांधण्याची तऱ्हा निराळी, हेही त्यांनी टिपले. पुढे कलकत्त्याच्या रस्त्यांवर चित्रीकरण सुरू झाले तेव्हा त्यांना खरोखरीची रिक्षा ओढावी लागली.

तिथे घडलेला एक प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. काम मनासारखे होत नव्हते. आपल्याला हे जमत नाही, असे वाटून ते खचून बसले होते. तेवढ्यात एक अधेड वयाचा रिक्षावाला जवळ आला आणि काय चालले आहे म्हणून विचारू लागला. साहनींनी त्याला चित्रपटाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो बिहारचा होता. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण पडली होती, आणि ती सोडवण्यासाठी तो पंधरा वर्षे कलकत्त्यात रिक्षा ओढत होता. ही तर माझीच गोष्ट, असे म्हणत तो निघून गेला. त्यानंतर साहनींनी अभिनयकलेचा विचार करणे सोडून दिले. या माणसाची गोष्ट जगाला सांगण्याचे काम आपल्याकडे आले आहे, ते नीट करायचे, एवढेच त्यांनी ठरवले.

मला वाटते, संयमी अभिनयाचे मूळ इथे आहे. 'मी कसा दिसतो, मी किती छान रडतो' हा विचार नटाच्या डोक्यात असला की अभिनय फुगतो. ज्याची गोष्ट सांगायची तो माणूस डोळ्यांसमोर असला, की आपोआप लाज वाटते आणि फुगवटा उतरतो. पंधरा वर्षे रिक्षा ओढणारा माणूस दिवसभर रडत नाही. त्याला तेवढी फुरसतच नसते. त्याला पुढचे गिऱ्हाईक पाहायचे असते.

मूठभर माती

चित्रपटाचा शेवट तर पाठ व्हावा असा आहे. शंभू, पार्वती आणि कन्हैया गावी परततात. त्यांच्या रानात गिरणी उभी राहते आहे. कुंपण पडले आहे. ते तिघे बाहेरून पाहत राहतात. शंभू खाली वाकून आपल्या जमिनीतली मूठभर माती उचलतो. पहारेकऱ्याला वाटते, याने काही चोरले. तो खडसावतो. शंभू मूठ उघडतो. माती खाली पडते. तिघे पाठ फिरवून चालू लागतात. बस, एवढेच.

इथे शंभूने माती कपाळाला लावून हंबरडा फोडला असता, तरी कुणी नावे ठेवली नसती. पण मग तो त्याचा हंबरडा झाला असता. त्याने मूठ उघडली आणि ती माती जणू आपल्या पदरात टाकली. ज्याच्या घरात वाटणीत, धरणात, कारखान्यात नाहीतर सावकाराच्या कागदात जमीन गेली आहे, त्याला त्या रिकाम्या मुठीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

या चित्रपटाला १९५४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी फिल्मफेअर पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. त्यात उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शक ही दोन्ही बक्षिसे 'दो बिघा जमीन'कडे गेली. नटाचे बक्षीस दिलीपकुमार यांना 'दाग'साठी मिळाले. राष्ट्रीय पुरस्कारही त्याच वर्षापासून सुरू झाले. त्यात 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मात्र आपल्या मराठीने मिळवले. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' त्याचा मानकरी ठरला. एका चित्रपटात मुलाला घडवणारी आई, दुसऱ्यात जमिनीसाठी झिजणारा बाप. देशाच्या पहिल्याच परीक्षेत ही दोन गरीब घरे शेजारी शेजारी बसली होती.

बलराज साहनींनी हाच हात आखडता घेण्याचा बाणा शेवटपर्यंत सोडला नाही. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'मध्ये ते आग्र्याचे बुटांचे कारखानदार सलीम मिर्झा झाले. फाळणीनंतर नातलग एकेक करून निघून जातात, धंदा बसतो, राहते घर जाते, आणि मग तरुण मुलगी जीव देते. लेकीच्या मृत्यूच्या प्रसंगी हा बाप आक्रोश करत नाही. तो नुसता पाहत राहतो, आणि पाहणाऱ्याचा जीव घुसमटतो. या चित्रपटाचे आवाज भरण्याचे काम संपवून १३ एप्रिल १९७३ रोजी ते गेले. चित्रपट त्यानंतर, १९७४ मध्ये लोकांपुढे आला.

आपल्या भाषेतला आजोबा

असे काम मराठीतही झाले आहे. २००४ मध्ये आलेला संदीप सावंत यांचा 'श्वास' पुष्कळांनी पाहिला असेल. कोकणातला एक आजोबा नातवाच्या डोळ्यांचे दुखणे घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे येतो. निदान होते, डोळ्यांचा कर्करोग. शस्त्रक्रिया केली तर पोर वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. आजोबाचे काम अरुण नलावडे यांचे. त्यांनीही हा म्हातारा रडवा केला नाही. दवाखान्यात कुणाला विचारावे, कुठे सही करावी, हे न कळणारा, ओशाळवाणा, पण नातवाचा हात घट्ट धरलेला म्हातारा त्यांनी उभा केला. शस्त्रक्रियेआधी तो नातवाला गुपचूप दवाखान्याबाहेर नेतो. डोळे आहेत तोवर त्याने जग पाहून घ्यावे म्हणून. त्या वेळी आजोबा हसतमुख राहतो. त्याचे हसणेच आपल्याला पाहवत नाही. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मिळाला, तो याच 'श्वास'मुळे.

शंभू आणि हा आजोबा यांच्यात अर्धशतकाचे अंतर आहे. भाषा वेगळी, प्रांत वेगळा. पण दोघेही आपल्या ओळखीचे वाटतात. याचे कारण उघड आहे. कष्टाच्या घरातली माणसे बहुधा अशीच दुःख करतात. पाऊस गेला म्हणून कुणी बांधावर बसून टाहो फोडत नाही. संध्याकाळी गुरांना वैरण टाकावीच लागते. दूध काढावेच लागते. दुःख पोटात ठेवून हात चालू राहतात. ज्या नटाने हे ओळखले, त्याने आपल्याला ओळखले.

घरात कॅमेरा नसतो

आता एक गोष्ट घरच्यांसाठी. पडद्यावर शंभू गप्प राहिला तरी त्याचे मन आपल्याला कळते, कारण कॅमेरा त्याच्या अगदी जवळ नेऊन आपल्याला उभा करतो. तो आपल्याला त्याचे हात दाखवतो, पाय दाखवतो, डोळे दाखवतो. दोन-सव्वादोन तास आपण दुसरीकडे पाहूच शकत नाही.

घरात तसे होत नाही. घरातला शंभू ओसरीवर बसलेला असतो आणि आपण त्याच्या पुढून दहा वेळा जातो. कर्जाची नोटीस कुठल्या तरी वहीत दडवलेली असते. विचारले तर "काही नाही" एवढेच उत्तर येते. पडद्यावर जो संयम थोर वाटतो, तोच घरात माणसाला आतून पोखरतो. गेल्या काही दशकांत विदर्भात, मराठवाड्यात किती घरांतला कर्ता माणूस असा न बोलता गेला, हे आपण सारे जाणतो. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरच्यांना कर्जाचा खरा आकडा नंतरच कळला. गप्प राहणे हा नटाचा गुण आहे. घरच्या माणसाच्या बाबतीत तो धोक्याचा कंदील समजावा.

म्हणून हा चित्रपट पाहताना शंभूला जसे जवळून पाहता, तसे घरच्यांनाही पाहायला शिकावे. जेवण कमी झाले का, चाल बदलली का, गुरांवर उगाच हात उगारला जातो का, रात्री उठून अंगणात फेऱ्या होतात का. माणूस तोंडाने सांगत नाही ते असे सांगतो. आणि ६५ चे २३५ कसे झाले, तोही धडा घ्यावा. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी, केलेल्या मजुरीची नोंद ठेवावी, आणि हिशेबाची वही बायकोला आणि जाणत्या मुलांना वाचून दाखवावी. कर्जाचा आकडा घरात चौघांना माहीत असला, तर त्याचे ओझे एकाच्या मानेवर राहत नाही.

'दो बिघा जमीन' कृष्णधवल आहे. जुना असला तरी आज तो घरबसल्या मोबाइलवरही पाहता येतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे थोडा धीर धरावा. आजच्या चित्रपटांची घाई त्यात नाही. गाण्यांना फार चुळबूळ करू नये, तीही कथेतच आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम शेजारी बसवावे, कारण मुदत, जप्ती, लिलाव हे शब्द त्यांनी ऐकून सोसलेले असतात. आणि शेवटी शंभूच्या मुठीतून माती पडल्यावर चटकन उठून दिवा लावू नये. तुमच्यातले कुणी जास्तच गप्प झाले असेल, तर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसावे. कदाचित त्याला काही सांगायचे असेल.